पाटी अल्पसंख्याक, बाक कुणाचा?

जून २०२५ मधली गोष्ट. अकरावीच्या प्रवेशाचे दिवस होते. इंदापूर तालुक्यातले आमच्या ओळखीचे एक चाचा सकाळी सकाळी फाईल घेऊन दारात उभे. गावात त्यांच्या घराकडे पिढ्यान् पिढ्या मुलाणकी. आता शेती नावापुरती, धंदा मटणाच्या दुकानाचा. पोरगी दहावीला अठ्ठ्याऐंशी टक्के घेऊन पास झालेली, सायन्सला जायचं म्हणते. पुण्यात मामाकडे राहण्याची सोय होती, म्हणून तिने तिथल्या एका नावाजलेल्या कॉलेजचा पर्याय भरला होता. कॉलेज अल्पसंख्याक दर्जाचं.

चाचांच्या फाईलमध्ये दोन कागद होते. एक पोरगी मुस्लिम, म्हणजे अल्पसंख्याक असल्याचा. दुसरा ती मुलाणी, म्हणजे ओबीसी असल्याचा. दुसऱ्या कागदासाठी त्यांनी तहसीलला किती चकरा मारल्या, याचा हिशेब त्यांनाही लागत नव्हता. पुण्याला जाऊन आले होते. तिथे खिडकीवरच्या माणसाने त्यांना सांगितलं, "मायनॉरिटी कोटा आहे, पण तो तुमच्या समाजाचा नाही. संस्था ज्यांची, कोटा त्यांचा. आणि ओबीसीचं म्हणाल तर हे मायनॉरिटी कॉलेज आहे, इथे ते लागू नाही."

चाचा मला विचारत होते, "भाई, कॉलेज अल्पसंख्याकांचं म्हणून ओबीसी चालत नाही, आणि आपण अल्पसंख्याक असून अल्पसंख्याकाचं चालत नाही. मग आपण नेमके कोण?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. म्हणजे कायद्याचं उत्तर होतं, ते सांगितलं. पण कायद्याचं उत्तर आणि माणसाचं उत्तर यात अंतर असतं. हा लेख त्या अंतराबद्दल आहे.

कायदा काय सांगतो?

संविधानाच्या कलम ३०(१) ने धर्म किंवा भाषेच्या आधारावरील सर्व अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. हा मूलभूत हक्क आहे. सरकारने मेहरबानी म्हणून दिलेली ही सवलत नव्हे. त्याच्या आधीचं कलम २९(२) सांगतं, की सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत कुणालाही केवळ धर्म, वंश, जात, भाषा या कारणावरून प्रवेश नाकारता येणार नाही. पहिलं कलम म्हणतं, संस्था तुमची. दुसरं म्हणतं, दार सगळ्यांना. गेली पंच्याहत्तर वर्षं आपली न्यायालयं या दोन वाक्यांचा मेळ घालत आहेत.

१९९१ साली दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अनुदानित अल्पसंख्याक संस्था आपल्या समाजासाठी पन्नास टक्क्यांपर्यंत जागा राखू शकते. २००२ साली टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायमूर्तींनी हा आकडा सैल केला. टक्केवारी त्या भागाची गरज बघून राज्याने ठरवावी, असं म्हटलं. अल्पसंख्याक कोण हे देश नव्हे तर राज्य धरून ठरेल, हेही त्याच निकालात आलं. पुढचा मोठा खटला तर आपल्या पुण्याच्याच माणसाच्या नावावर आहे. पुण्याच्या कॅम्पातल्या आझम कॅम्पसचे पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र शासन, ऑगस्ट २००५. विनाअनुदानित खासगी संस्थांवर, मग ती अल्पसंख्याक असो वा नसो, सरकार आपलं आरक्षण लादू शकत नाही, असा तो निकाल.

त्या निकालावर संसदेने ९३ वी घटनादुरुस्ती केली आणि कलम १५(५) आणलं. खासगी संस्थांतही मागासवर्गीयांसाठी तरतूद करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. पण त्याच कलमात एक अपवाद लिहिला गेला, कलम ३० खालच्या अल्पसंख्याक संस्था वगळून. त्यानंतर २०१४ च्या प्रमती निकालाने शिक्षण हक्क कायदाही अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असोत की विनाअनुदानित, लागू नाही असं ठरवलं. म्हणजे गरिबांच्या मुलांसाठीच्या पंचवीस टक्के जागाही तिथे नाहीत.

चाचांच्या पोरीची कोंडी इथे आहे. संस्था एका अल्पसंख्याक समाजाची असेल तर राखीव जागा त्या समाजाच्या. त्या भरल्या नाहीत तर उरलेल्यांचा नंबर नंतर. मागासवर्गीयांचं आरक्षण अपवादामुळे बाहेर. राहिली खुली यादी. तिथे इंदापूरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकलेली मुलगी आणि पुण्यातल्या क्लासवाल्यांची मुलं एकाच रांगेत.

अनेकांताच्या गावात

बारामतीत हा विषय लांबचा वाटत नाही. आमच्या भागात उच्च शिक्षण पोचलं ते एका अल्पसंख्याक समाजाच्या हातून. १९६२ साली बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झालं. आमच्याकडे त्याला सगळे 'टीसी कॉलेज' म्हणतात. ते चालवणाऱ्या संस्थेचं नाव अनेकान्त एज्युकेशन सोसायटी. जैन समाजातल्या व्यापारी मंडळींनी पैसा घातला, पदरची माणसं दिली आणि तालुक्याला कॉलेज मिळालं. विद्या प्रतिष्ठान त्यानंतर दहा वर्षांनी, १९७२ साली आलं. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर घ्या. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात माळरानावर साखर कारखाना उभा केला, आणि कारखान्यामागून वसाहत, दवाखाना, शाळा आल्या.

लोकसंख्येत बोटावर मोजण्याइतका असलेला समाज आपल्या पैशातून कॉलेज काढतो आणि त्या कॉलेजच्या बाकावर मराठा, धनगर, माळी, रामोशी, बौद्ध, मुसलमान अशी सगळ्यांची मुलं बसतात, हे आमच्याकडे साठ वर्षं चाललेलं आहे. तालुक्याच्या ठिकाणी दुसरं काही शक्यही नव्हतं. एका समाजाच्या मुलांवर तालुक्यातलं कॉलेज चालत नाही.

'अनेकान्त' हा शब्दही बघा. जैन दर्शनातला हा सिद्धान्त सांगतो की सत्याला अनेक बाजू असतात आणि एकाच बाजूने बघणारा अपुरं बघतो. एका धर्माच्या तत्त्वज्ञानातून घेतलेला शब्द आणि त्याचा अर्थच मुळी 'दुसऱ्याची बाजूही खरी असू शकते' असा. धार्मिक ओळख आणि सर्वसमावेशकता एकमेकींच्या विरोधात असायलाच हव्यात असं नाही, हे पाटीवरच लिहिलेलं आहे. आपल्या श्रद्धेच्या आतूनच दुसऱ्यासाठी जागा काढता येते.

पण मोठ्या शहरांत, जिथे एका जागेमागे पन्नास अर्ज असतात, तिथे गणित बदलतं. तिथे अल्पसंख्याक दर्जा ढालीसारखा वापरता येतो. ढाल कुणाच्या विरोधात? सरकारी हस्तक्षेपाच्या विरोधात, हे मान्य. पण ढालीच्या पलीकडे नेमकं कोण उभं राहतं ते बघितलं, तर तिथे दलित, आदिवासी, ओबीसी आणि गरिबांची मुलं दिसतात.

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२१ साली अल्पसंख्याक शाळांवर एक अहवाल काढला. त्या आयोगाच्या हेतूंबद्दल माझ्या मनात शंका आहेत आणि त्या मी लपवत नाही. पण आकडे बाजूला टाकता येत नाहीत. धार्मिक अल्पसंख्याक शाळांत शिकणाऱ्यांपैकी ६२.५० टक्के मुलं अल्पसंख्याक समाजाची नव्हतीच. आणि सामाजिक-आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतली मुलं होती फक्त ८.७६ टक्के. म्हणजे दार परक्यांना उघडं होतं, गरिबांना नव्हतं. त्याच अहवालानुसार देशातल्या धार्मिक अल्पसंख्याकांत मुसलमान ६९.१८ टक्के, पण अल्पसंख्याक शाळांत त्यांच्या शाळा फक्त २२.७५ टक्के. ज्या हक्काच्या बचावासाठी आपण मोर्चे काढतो, तो हक्क वापरण्याइतक्या संस्थाच आपण उभ्या केलेल्या नाहीत.

केडगावची बाई

हा झगडा आजचा नाही. बारामतीहून पुण्याकडे रेल्वेने निघालात, दौंड ओलांडलंत की केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आहे. त्या मिशनच्या जन्माची कथा याच प्रश्नाची कथा आहे.

रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, मुख्यतः उच्चवर्णीय बालविधवांसाठी. रमाबाई तोवर ख्रिस्ती झालेल्या होत्या आणि पैसा अमेरिकेतल्या समितीचा होता. पण शब्द असा होता की सदनात धर्मशिक्षण दिलं जाणार नाही. मुलींनी आपापला आचार पाळावा. पुढच्या वर्षी सदन पुण्यात आलं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार होती. गोदूबाई, म्हणजे पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई, याच सदनात शिकल्या.

मग १८९३ साली वाद पेटला. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं ठेवत, काही मुली येऊन बसत. कुणाला बोलावलं नव्हतं आणि कुणाला हाकललंही नव्हतं. रमाबाईंचं म्हणणं, माझ्या घरात मी माझी श्रद्धा दार लावून का पाळू? टीकाकारांचं म्हणणं, धर्म शिकवणार नाही हा शब्द तुम्ही मोडलात. टिळकांचा 'केसरी' तुटून पडला, सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या.

मला या वादात दोन्ही बाजूंचं पटतं. रमाबाईंना त्यांची श्रद्धा लपवायला सांगणं अन्याय होता. आणि मुलगी ज्याच्या भरवशावर ठेवली त्या पालकाला आधी सांगितलं एक आणि पुढे दिसलं दुसरं, हेही खरं. पुढे दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली केडगावला आणल्या, १८९८ साली मुक्ती सदन उभं राहिलं आणि ते उघडपणे ख्रिस्ती होतं. तिथे कुणाची फसगत होण्याचा प्रश्नच नव्हता. ओळख दारावर लिहिलेली होती.

याआधी मुंबईतही हे घडून गेलं होतं. १८४३ साली स्कॉटिश मिशनच्या शाळेतल्या नारायण शेषाद्रीने ख्रिस्ती धर्म घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन होता. कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. त्याला पुन्हा जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले, तर सनातन्यांनी त्यांच्यावरच दगड उचलले. मिशनरी शाळेने ज्ञान दिलं, इंग्रजी दिली, शूद्र-अतिशूद्रांना दार उघडलं. सावित्रीबाई फुल्यांनी अहमदनगरला सिंथिया फरार यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले ते उगाच नाही. पण त्याच शाळेबद्दल लोकांच्या मनात धाक होता, की पोरगं शिकेल आणि आपलं राहणार नाही.

संविधान लिहिणाऱ्यांच्या पाठीशी हा सगळा अनुभव होता. म्हणून कलम २८(३) सांगतं, सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि अल्पवयीन असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षण किंवा उपासना सक्तीची करता येणार नाही. रमाबाईंचं उघडं दार आणि पालकाचा भरवसा, दोन्हींची सोय या एका ओळीत आहे.

बारामती-इंदापुरातही मिशनरी होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या 'चर्चेस ऑफ ख्राइस्ट' या पंथाची माणसं इथे आली. बारामती, इंदापूर, दौंड, श्रीगोंदा हा त्यांच्या कामाचा टापू. इतक्या लांबून येऊन त्यांनी या दुष्काळी पट्ट्यात काम केलं ते ख्रिस्तासाठी. त्यांच्यातला ख्रिस्त काढून घेतला असता तर ते आलेच नसते. श्रद्धा वजा करून सेवा तेवढी ठेवा, असं कुठल्याही धर्माच्या माणसाला सांगता येत नाही. सर सय्यद यांनी अलीगढ आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांनी १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम काढली ती आपल्या मागे पडलेल्या कौमच्या तळमळीतून. तरी अलीगढच्या कॉलेजचे पहिले पदवीधर होते ईश्वरी प्रसाद नावाचे हिंदू गृहस्थ.

शाहू महाराजांचा धडा

काहीजण म्हणतील, मग वेगळ्या संस्था हव्यातच कशाला? सगळ्यांसाठी एकच का नको? या प्रश्नाचं उत्तर कोल्हापुरात सापडतं.

शाहू महाराजांनी १८९६ साली सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढलं. नियम सगळ्यांना सारखे. काही वर्षांत दिसलं काय, तर ते एकाच जातीच्या मुलांनी भरलेलं. दार सगळ्यांना उघडं होतं, पण त्या दारापर्यंत पोचण्याची ताकद एकाच जातीकडे होती. मग महाराजांनी १९०१ पासून मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाची बोर्डिंगं उभी करायला मदत केली. मुसलमानांचं बोर्डिंग १९०६ सालचं आणि त्या मोहमेडन एज्युकेशन सोसायटीचे अध्यक्ष स्वतः महाराज. वेगळं घर दिलं ते भिंत बांधण्यासाठी नव्हतं. मुलाला शिक्षणाच्या दारापर्यंत पोचता यावं म्हणून दिलं होतं.

पण गोष्ट इथे संपत नाही. याच जैन बोर्डिंगमध्ये कुंभोजचा एक जैन मुलगा राहत होता. अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला तो गेला, परत आल्यावर अंघोळ करून शुद्ध व्हायला नकार दिला आणि बोर्डिंगमधून काढला गेला. तो मुलगा म्हणजे भाऊराव पाटील. १९१९ साली त्यांनी काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंगतीला बसवणारं बोर्डिंग उभं केलं. आज रयतच्या शाळा गावोगावी आहेत.

या एका आयुष्यात दोन्ही बाजू दिसतात. समाजाच्या बोर्डिंगमुळे भाऊरावांना शहरात राहून शिकता आलं. आणि त्याच बोर्डिंगने आपली ओळख जपण्याच्या नादात एका मुलाला रस्त्यावर काढलं. संस्था दुर्बलांना आत घेण्यासाठी आपली ओळख वापरते की बाहेर ठेवण्यासाठी, एवढाच प्रश्न आहे.

अमेरिकेतला तोच प्रश्न

हा पेच फक्त आपला नाही. अमेरिकेत लुथरन पंथाची कॉलेजं आणि विद्यापीठं आहेत. जर्मनी, नॉर्वे, स्वीडनमधून गेलेल्या गरीब शेतकऱ्यांनी आपले पाद्री आणि शिक्षक घडावेत म्हणून ती काढली. म्हणजे तीही एका अर्थाने परक्या मुलखातल्या अल्पसंख्याकांची बोर्डिंगंच. आज त्यांच्या वर्गांत कॅथलिक, मुसलमान, कुठलाच धर्म न मानणारे, सगळे बसतात. मग वाद सुरू होतात. विविधतेचं धोरण लिहायचं तर कुठल्या शब्दांत? प्राध्यापक पंथाचाच हवा का? संस्थेवर शेवटचा शब्द चर्चचा की विश्वस्तांचा? मिसुरी सिनड ही त्यांच्यातली परंपरानिष्ठ शाखा. तिच्या टेक्सासमधल्या कॉनकॉर्डिया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने २०२२ साली चर्चच्या नियंत्रणातून बाहेर पडण्याचा ठराव केला आणि भांडण कोर्टात गेलं.

तिथल्या वादात एका बाजूला भीती आहे की विविधतेच्या नावाखाली आपला पंथ विरघळून जाईल. दुसऱ्या बाजूला भीती आहे की पंथाच्या नावाखाली नकोशा माणसांना दूर ठेवलं जाईल. दोन्ही भीती खऱ्या आहेत. पण एक फरक आहे. तिथे वाद श्रद्धेच्या शब्दांवरून होतो, सिद्धान्तांवरून होतो. आपल्याकडे अल्पसंख्याक संस्थांचे किती वाद श्रद्धेवरून झाले? आपले बहुतेक खटले जागा, फी आणि कोटा यांवरून आहेत. हे आपण प्रामाणिकपणे कबूल करायला हवं.

२०२५ चा वाद

६ मे २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने अकरावी प्रवेशाचा शासन निर्णय काढला. अल्पसंख्याक कॉलेजांतल्या कोट्यात न भरलेल्या, परत केलेल्या जागांवर अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींचं आरक्षण लागू करण्याची तरतूद त्यात होती. संस्था न्यायालयात गेल्या. १२ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांपुरती त्या तरतुदीला अंतरिम स्थगिती दिली. कायदा आज जसा आहे तसा वाचला तर वेगळं काही होणं अवघड होतं. घटनेचा अपवाद शासन निर्णयाने पुसता येत नाही. त्यानंतर १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी, तेही महाराष्ट्रातल्याच एका मुस्लिम ट्रस्टच्या प्रकरणात, प्रमती निकाल बरोबर होता का अशी शंका घेतली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असं म्हटलं.

आपल्याकडची प्रतिक्रिया ठरलेली होती. 'अल्पसंख्याकांच्या हक्कांवर घाला.' मी ही भीती हसण्यावारी नेत नाही. २०१४ साली मुसलमानांना दिलेलं पाच टक्के आरक्षण, त्यातल्या शिक्षणाच्या भागाला उच्च न्यायालयाने आडकाठी केलेली नसताना, नव्या सरकारने अध्यादेश लॅप्स होऊ देऊन संपवलं. ज्यांनी ते संपवलं त्यांना अचानक ओबीसींचा पुळका आला तर संशय येणारच. आज आरक्षणासाठी सरकारला आत घेतलं तर उद्या अभ्यासक्रम, परवा नेमणुका, तेरवा संस्थेचा ताबा, ही साखळी काल्पनिक नाही. अलीगढच्या दर्जाचा प्रश्न १९६७ पासून लोंबकळत होता. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन मतांनी जुना निकाल मोडला, तोही केवळ एका मताच्या फरकाने.

म्हणून मी सरकारच्या सक्तीच्या बाजूने नाही. पण सक्ती नको म्हणणाऱ्याने स्वतःहून काय करणार हे सांगायला पाहिजे. ते न सांगता नुसतं कलम ३० पुढे करणं म्हणजे हक्क पुढे करून कर्तव्य मागे लपवणं.

आणि मुसलमान म्हणून मला हे जास्त टोचतं. कारण महाराष्ट्रातला बहुसंख्य मुसलमान मागासवर्गीय आहे. मुलाणी, बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मोमीन. शब्बीर अन्सारींसारख्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, तेव्हा कुठे आमच्या लोकांच्या हातात तो दुसरा कागद आला. अल्पसंख्याक संस्थांना आरक्षण लागू नाही, हा आपला विजय म्हणून आपण साजरा करतो तेव्हा तोच कागद निकामी झालेला असतो. आपल्यातले अशराफ ज्याला कौमचा हक्क म्हणतात, त्याची किंमत कौममधला मुलाणी मोजतो.

मग काय करावं?

माझ्या चार सूचना आहेत. यातल्या एकीलाही घटनादुरुस्ती लागत नाही, कोर्टाचा आदेश लागत नाही.

पहिली. प्रत्येक अल्पसंख्याक संस्थेने दरवर्षी आपल्या दारावर आणि संकेतस्थळावर प्रवेशाचा हिशेब लावावा. आपल्या समाजाची मुलं किती, इतर अल्पसंख्याक किती, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी किती, घरातून पहिल्यांदा कॉलेजात आलेली किती. नावं नकोत, आकडे पुरेत. देवाघरी हिशेब द्यायचा आहे असं आपण सगळेच धर्म म्हणतो. मग माणसांना द्यायला हरकत काय?

दुसरी. आपल्या समाजाच्या कोट्यातही गुणांइतकंच गरिबीला वजन द्यावं. कलम ३० चा हक्क समाजाला मिळाला तो समाज दुबळा म्हणून. त्या समाजातल्या डॉक्टर-बिल्डरांच्या मुलांनी कोटा भरत असेल, तर त्या हक्काचा अर्थ आपणच पुसला.

तिसरी. कोट्याबाहेरच्या जागांपैकी काही हिस्सा संस्थेने स्वतःच्या ठरावाने मागासवर्गीय आणि गरीब मुलांसाठी ठेवावा. सरकारने लादलं तर ते अतिक्रमण. आपण ठरवलं तर तो आपला धर्म. जकात आणि सदका मुसलमानाला कुठल्या जीआरने शिकवलेला नाही. जैन दानाचं, ख्रिस्ती सेवेचंही तसंच आहे. संस्थेची धार्मिक ओळख दिसायची असेल तर ती इथे दिसू दे.

चौथी. संस्थेचं धार्मिक रूप काय आहे ते प्रवेशाच्या आधी साध्या मराठीत लिहून द्यावं. प्रार्थना कुठली, ऐच्छिक की नाही, डबा कुठला चालतो, सुट्ट्या कुठल्या, पोशाखाचा नियम काय. १८९३ साली पुण्यात जे झालं ते या एका कागदाने बरंचसं टळलं असतं.

सुरुवात कुणी करायची? आपण. मुस्लिम संस्थांनी. दुसऱ्या समाजाच्या संस्थेकडे बोट दाखवण्याआधी आपल्या संस्थेतला हिशेब लावू. आपल्या कॉलेजात किती दलित मुलं आहेत? किती मुलाणी, किती पिंजारी आहेत? शिपायांत किती आणि प्राध्यापकांत किती? हे आकडे लाजिरवाणे निघाले तरी चालतील. लपवलेले आकडे त्याहून वाईट.

मोठं पीठ उद्या काय ठरवेल ते माहीत नाही. पण न्यायालयात उभं राहताना आपल्या हातात दोनपैकी एक कागद असेल. एकावर लिहिलेलं असेल, 'आम्हाला कुणी विचारू शकत नाही.' दुसऱ्यावर, 'विचारा, हा आमचा हिशेब.' कुठल्या कागदाने कलम ३० जास्त काळ टिकेल, हे सांगायला वकील लागत नाही.

चाचांच्या पोरीला त्या कॉलेजात जागा मिळाली नाही. तिने बारामतीत प्रवेश घेतला. सकाळच्या एसटीने जाते, संध्याकाळच्या एसटीने येते. अभ्यास चांगला चाललाय म्हणतात. ईदला त्यांच्या घरी गेलो होतो. चाचांनी शिरखुर्मा पुढे केला आणि हसत हसत म्हणाले, "भाई, ते दोन्ही कागद लॅमिनेशन करून ठेवलेत. बारावीनंतर परत लागतील ना?"

लागतील, चाचा. ते चालतील का, हे सरकारच्या हातात आहेच. पण तेवढंच ते आपल्या संस्थांच्याही हातात आहे.